पोराचे कार्ड आणि बापाची जमीन



ऊसबिलातून सोसायटीची कपात आधी, उरेल ते आपले. ही शिस्त आपल्या अंगी मुरली आहे. म्हणूनच ‘कर्जबुडव्या’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा लागतो. हल्ली पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेली पोरे क्रेडिट कार्डाच्या कर्जात अडकतात, तगाद्याचे फोन गावी येतात आणि बाप अब्रूपायी एकरभर रानाला गिऱ्हाईक शोधू लागतो. आमचे म्हणणे, घाई करू नये.

आधी हिशेब पाहा. थकबाकी एक लाख आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरले, तर नुसते व्याज साडेतीन हजार. ‘किमान रक्कम’ म्हणून पाच हजार भरले तरी मुद्दल फिटते दीड हजार! वर्षाचा दर पडला ४२ टक्के. ऊसबिल चौदा दिवसांत न दिल्यास कारखान्याला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १५ टक्के व्याज लागते. तेवढे मागतानाही आपण संकोचतो. जुन्या दामदुपटीच्या दंडकाने थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर तीस टक्क्यांपुढे व्याज घेणे गैर ठरविले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही निर्णय रद्द केला. पगार न बघता कार्डावर कार्ड देणाराही या पापाचा वाटेकरी आहे, असे आम्हास वाटते.

सज्ञान मुलाच्या कार्डाचे देणे, बाप जामीन नसेल तर, बापावर येत नाही. आणि मुलाला खरोखरच फेडणे अशक्य झाले, तर १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याचा रस्ता आहे (मुंबई शहराला १९०९ चा कायदा). त्यात सगळी मालमत्ता, सगळे देणे न्यायालयापुढे मांडावे लागते. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता बायकोच्या नावे केलेले रान न्यायालय रद्द ठरवू शकते. फसवून केलेल्या कर्जातून तर सुटकाच नाही. दवाखान्याने वा नोकरी गेल्याने बसलेला माणूस वेगळा आणि लपवाछपवी करणारा वेगळा. पहिल्याला बुडव्या म्हणणे आम्हास मान्य नाही. उधळपट्टी केलेल्याने मात्र आपल्या पगारातून फेडावे.

शिवाय वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून लेकीचाही जन्मसिद्ध वाटा आहे. भावाच्या कार्डापायी तिचे रान विकताना तिला कोणी विचारले का? तेव्हा पोराला सगळ्या कार्डांचे कागद घेऊन गावी बोलवा, आणि त्या बैठकीला लेकीलाही बसवा.