चार माणसांत बोला, कामे मिळतील



आपल्या शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांत बोलणाऱ्या माणसांची वानवा कधीच नव्हती. चौदा एप्रिलला पाचवीतली पोरगी माइकसमोर उभी राहते आणि दहा मिनिटे न अडखळता बोलते. लग्न असो, नामकरण असो की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, दोन शब्द बोलायला आपल्याकडे कोणीही उठते. पण याच घरातला मुलगा आयटीआय करून वायरिंगची कामे घ्यायला लागला, फॅब्रिकेशनचे दुकान टाकले, किंवा सुनेने रांजणगावच्या कामगारांसाठी डबे सुरू केले की गिऱ्हाइकापुढे सगळ्यांची वाचा बसते. तो चिठ्ठीवर भाव लिहून देतो आणि खाली मान घालून उभा राहतो. काम कोणाला मिळते? ज्याला बोलता येते त्याला. मग त्याचे हात याच्याइतके चांगले नसले तरी चालते.

म्हणून या वेळी धंद्यासाठी भाषण कसे करावे, हा विषय घेतला आहे. भाषण म्हणजे आपल्या मालाची आरडाओरड नव्हे. चार अनोळखी माणसांसमोर उभे राहून त्यांच्या उपयोगाची एखादी गोष्ट नीट समजावून सांगणे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला ती गोष्ट पटते तो नंतर आपणहून विचारत येतो की, हे काम तुम्ही करता का?

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराघरात फोटोत आहे, फक्त या बाजूने आपण त्याकडे पाहत नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले. बडोद्याची नोकरी कशी सुटली, राहायला जागा कशी मिळाली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी काय केले, हे मात्र जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही. त्यांनी शिकवण्या धरल्या आणि शेअर बाजारातल्या व्यवहारांवर सल्ला देणारी एक कचेरी उघडली. अर्थशास्त्रात त्यांच्याइतका शिकलेला माणूस त्या बाजारात किती असतील? तरी सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि कचेरी बंद करावी लागली.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. वर्गातल्या मुलांनी सुरुवातीला त्यांना फारसे मोजले नाही. पण ते शिकवू लागले आणि चित्र पालटले. त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलेसुद्धा परवानगी काढून येऊन बसू लागली. माणूस तोच, विषयही जवळपास तोच. कचेरीत गिऱ्हाइकाने आधी जात पाहिली आणि सल्ला ऐकलाच नाही. वर्गात मुलांना आधी ऐकावे लागले, आणि एकदा ऐकल्यावर उठून जावेसे त्यांना वाटले नाही.

याचा अर्थ भाषणाने सगळे प्रश्न सुटतात असा कोणी काढू नये. त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला बाबासाहेबांनी हात लावू नये, असे म्हणणारे सहकारीही होते. ऐकणारा पाणी देतोच असे नाही. पण जो ऐकत नाही त्याच्याकडून काम मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

१९२३ साली त्यांनी वकिली सुरू केली, तेव्हा पुन्हा तोच अनुभव आला. हायकोर्टात बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून मिळायचे आणि सॉलिसिटर मंडळी त्यांना काम देत नव्हती. तेव्हा त्यांनी बाहेरगावच्या कोर्टांतली कामे घेतली. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते व्यापारी कायदाही शिकवू लागले. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरे मंडळींवर बदनामीचा खटला चालला, त्यात त्यांनी आरोपींची बाजू मांडून त्यांना सोडवले. वकिलाला जाहिरात करता येत नाही, आजही नाही. पण कोर्ट उघडे असते. मागच्या बाकांवर बसलेला माणूस ऐकतो आणि गावी जाऊन सांगतो. बाबासाहेबांचा कामातला दर्जा हा असा त्यांच्या बोलण्यातून लोकांपर्यंत गेला.

आता आपल्या शिरूरकडे येऊ. समजा, एखादा तरुण परवाना काढून घरगुती वायरिंगची कामे करतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने एखाद्या सोसायटीत, तरुण मंडळात किंवा शाळेच्या पालक सभेत दहा मिनिटे मागून घ्यावीत. विषय एकच : पावसाळ्यात घरात शॉक का बसतो? उभे राहिल्याबरोबर त्याने विचारावे, “तुमच्या घरच्या बोर्डात ‘टेस्ट’ असे बटण असलेला स्विच आहे का?” निम्मे लोक एकमेकांकडे बघतील. मग सांगावे की, एमसीबी असते ती वायर वाचवायला. जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले की ती पडते. माणसाच्या अंगातून वीज गेली तर ती पडेलच असे नाही. माणूस वाचवायला वेगळा स्विच लागतो, त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी साधारण ३० मिलीअँपिअरचा बसवतात. तेवढी वीज बाहेर गळाली की तो क्षणात प्रवाह तोडतो. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. आणि कपडे वाळत घालायची तार लोखंडी असेल तर ती विजेच्या खांबाला किंवा सर्व्हिस वायरच्या आधाराला कधीही बांधू नये.

एवढेच बोलावे. कामे मागू नयेत. शेवटी आपले नाव, दुकान कुठे आहे, आणि संध्याकाळी किती वाजता भेटाल, हे सांगून खाली बसावे. ज्या बाईच्या घरी तार खांबाला बांधलेली आहे ती त्या रात्री नवऱ्याला स्वस्थ बसू देणार नाही.

सभा संपल्यावर मात्र लगेच घरी पळू नये. खरे काम तिथे सुरू होते. चारपाच माणसे घुटमळत असतात, कोणी आपल्या घरातला बिघाड सांगतो. खिशात वही असावी. नाव, घर, काय बिघडले ते लिहून घ्यावे आणि दोन दिवसांच्या आत त्याच्या दारात हजर व्हावे. माझे स्पष्ट मत आहे की, भाषण कितीही रंगले तरी पैसा या वहीतून येतो. टाळ्या घेऊन घरी जाणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आपल्या सभांच्या काही सवयी इथे सोडून द्याव्या लागतील. अर्धा वेळ मान्यवरांची नावे घेण्यात जातो, उरलेला ‘वेळेअभावी’ म्हणण्यात. आवाज चढवायचा, हात उगारायचा, हे मोर्चात शोभते. फ्यूज समजावून सांगताना शोभत नाही. सात मिनिटे मिळाली तर सहात संपवावे. कागदावरून वाचू नये. हातात वस्तू असावी. जळालेली वायर, गंजलेला स्विच दाखवला की शंभर शब्द वाचतात.

“आमची भाषा शुद्ध नाही,” असे पुष्कळ जण म्हणतात. ऐकणारे कोण आहेत? शिरूरचे, कारेगावचे, न्हावऱ्याचे, कुरकुंभचे. त्यांची तरी कुठे पुस्तकातली आहे? घरी बोलतो तसे बोलावे. रांजणगावच्या एमआयडीसीत मराठवाड्यातले आणि उत्तरेकडचे कामगार खोल्या घेऊन राहतात, तिथे चार वाक्ये हिंदीत तयार ठेवावीत.

आता नाजूक प्रश्न. आडनाव सांगावे की नाही? दुकानाच्या पाटीवरून आडनाव गाळणारी, नुसते ‘साई’ किंवा ‘ओम’ नाव देणारी आपली माणसे आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ज्याचा हप्ता थकला आहे त्याला भीती वाटते, ती खोटी नसते. तरी माझ्या मते नाव उघड सांगावे, आणि बोलून झाल्यावर सांगावे. लोकांनी तोवर काम ऐकलेले असते. ज्याला आडनाव खुपते तो नंतर कधीतरी जाणारच आहे. तो सभेतूनच गेला तर आपली टेंपोची फेरी तरी वाचते. उरतात ती माणसे टिकतात.

भगिनींसाठी जागा घराजवळच आहे. बचत गटाच्या बैठकीत आधी बोलून पाहावे. मसाला करणारीने ‘माझा मसाला घ्या’ म्हणण्याऐवजी मसाला पावसाळ्यात का खराब होतो ते सांगावे. ओला चमचा, नीट न वाळलेली मिरची, भाजून गार न करता भरलेली बरणी. हिंगाचे खडे घालून घट्ट झाकण कसे लावावे, हे दाखवावे. डबे देणारीने आपली अन्नाची सरकारी नोंदणी आहे हे सांगून तो कागद बरोबर ठेवावा. एका गटात धीर आला की शेजारच्या गावच्या गटात जावे. सासूबाई म्हणतील, चार लोकांत काय उभी राहतेस? त्यांनाच पहिल्या बैठकीला बरोबर न्यावे.

एक गोष्ट मात्र पाळावी. जयंतीचा मंच, सहा डिसेंबरचा कार्यक्रम, विहारातली वंदना ही दुकानाची जागा नव्हे. तिथे बोलण्याचा सराव होतो, तो पुरेसा आहे. आणि केवळ आपल्याच वस्तीवर धंदा चालत नाही. वस्तीबाहेर पाऊल टाकावेच लागते. ग्रामसभेत जाहिरात करू नये, पण जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अर्थिंगबद्दल प्रश्न जरूर विचारावा. ज्याने नेमका प्रश्न विचारला त्याला त्या कामातले कळते, हे गाव लक्षात ठेवते.

ज्यांचे छोटे कारखाने आहेत त्यांच्यासाठी मोठे दार आहे. २०१२ सालच्या धोरणाप्रमाणे केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्यांनी काही खरेदी लहान उद्योगांकडून करायची आहे. २०१८ साली हे प्रमाण २० वरून २५ टक्के झाले. त्यातच ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करायची आहे. खासगी कंपन्यांना हे धोरण लागू नाही. यासाठी विक्रेत्यांचे मेळावे भरतात. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात स्थापलेली ‘डिक्की’ ही दलित उद्योजकांची संघटनाही आपल्या लोकांना खरेदीदारांसमोर नेते. अशा ठिकाणी बोलायला दोनतीन मिनिटेच मिळतात. काय बनवतो, कोणत्या यंत्रावर, महिन्याला किती नग, आधी कोणाला दिले, उद्यम नोंदणी क्रमांक काय, हे न चाचरता सांगता आले पाहिजे. आपल्यावर काय अन्याय झाला, हे तिथे सांगू नये. तो खरा असला तरी खरेदी अधिकारी नगाचा भाव विचारायला बसलेला असतो.

शेवटी एक तारीख. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. कारखान्यांत ४ ते १० मार्च सुरक्षा सप्ताह पाळतात आणि कामगारांसमोर बोलायला माणूस शोधतात. वायरिंगवाल्याने घरच्या विजेवर, आग विझवण्याच्या सिलिंडरची कामे करणाऱ्याने आगीवर बोलण्याची तयारी ठेवावी. रांजणगाव असो की कुरकुंभ, कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या नावाने साध्या मराठीत पत्र लिहावे. विषय, लागणारी मिनिटे, परवान्याची झेरॉक्स आणि फोन नंबर जोडावा. जानेवारी संपण्यापूर्वी गेटवर स्वतः नेऊन द्यावे आणि पोच घ्यावी. फेब्रुवारीत कार्यक्रम ठरून जातात.