मोटारींतील संगीताचा जमाखर्च

गेल्या दिवाळींत आमच्या नातवानें मोटारीसाठीं एक ध्वनिवर्धक, म्हणजे मुलांच्या भाषेंत ॲम्प्लिफायर, विकत आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१००० वॅट’ असें छापलेलें होतें. भाऊबीजेला सर्व मंडळी आमच्या भगिनीकडे गेलों. तेथें मुलें उभ्या मोटारींत जवळजवळ तीन तास गाणीं ऐकत बसलीं. रात्रीं निघतांना किल्ली फिरविली, तों ‘टक्’ एवढाच आवाज! घरांतल्या मंडळींचे गुडघे दुखरे. त्यांना रिक्षेसाठीं अर्धा मैल चालावें लागलें.

“आजोबा, बॅटरीच जुनी झाली,” नातू म्हणाला. मी कांहीं यंत्रज्ञ नव्हे. परंतु मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत माझा जन्म गेला. दुसऱ्या दिवशीं मीं तें यंत्र उलटें करून पाहिलें. फ्यूज २० अँपिअरचा होता.

“अरे, इंजिन चालूं असतां मोटारीचा दाब सुमारें १४.४ व्होल्ट. त्याला २० नें गूण.”

“२८८ वॅट,” तो म्हणाला आणि गप्प झाला.

क्षणभर फ्यूज थोडा अधिक प्रवाह सोसतो, हें खरें. पण जेथें आंत २८८ येतात, तेथून १००० बाहेर कसे पडणार? कारणांत जें नाहीं तें कार्यांत येत नाहीं, असें आपले सांख्य केव्हांच सांगून गेले.

शिवाय आलेली सारी शक्ति संगीत होत नाहीं. ‘एबी’ वर्गाच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळाप्रमाणें काम करतो. अडविलेली शक्ति उष्णता होऊन जाते. त्याची कार्यक्षमता पूर्ण आवाजांतहि सुमारें ५० ते ६० टक्के असते, हळू आवाजांत त्याहून कमी. ‘डी’ वर्गाचा ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण उघडा, नाहीं तर पूर्ण बंद. अशी उघडझांप सेकंदाला लक्षावधि वेळां होते, आणि पुढील वेटोळें व संधारक तिच्यांतून सुरेल लहर गाळून घेतात. येथें ८० ते ९० टक्के शक्ति स्पीकरपर्यंत पोंचते. म्हणजे आमचे २८८ पहिल्या वर्गांत सुमारें दीडशें, दुसऱ्यांत सुमारें अडीचशें. आमचें यंत्र पहिल्या वर्गाचें निघालें. हात लावला तर तव्यासारखें तापे.

आतां त्या रात्रीचा हिशेब. यंत्रानें सरासरी ८ अँपिअर ओढले असें धरलें, तरी तीन तासांत २४ अँपिअर-तास गेले. लहान मोटारीची बॅटरी ३५ची. इंजिन बंद, म्हणजे जमा शून्य! आणि इंजिन सुरूं होतांना स्टार्टर क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर मागतो. तो कोठून मिळावा?

म्हणून वाचकांस एवढीच विनंति: खोक्यावरील मोठा आंकडा सोडा, ‘आरएमएस’ या शब्दापुढचा आंकडा पाहा आणि तो फ्यूजशीं ताडून घ्या. अमेरिकेंत २००३ सालीं या धंद्यानेंच सीईए-२००६ हें ऐच्छिक मानक ठरविलें: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृति १ टक्क्याहून अधिक नाहीं. त्या रीतीनें मोजलेला आंकडा विश्वसनीय. इंजिन बंद असतां मात्र मैफल आटोपती घ्यावी.

नातवानें तें यंत्र बदलून ‘डी’ वर्गाचें आणलें आहे. खोक्यावर आंकडा लहान आहे. घरांतली मंडळी मात्र निर्धास्त बसतात.