शहराचं वय गोणी सांगते

दोस्तांनो, ‘अमुक साली अमक्या साहेबानं तमकं शहर वसवलं’ असं छापणाऱ्याला एकदा समोर बसवून विचारलं पाहिजे. वसवलं म्हणजे काय केलं रे बाबा? घमेलं उचललं? चर खणला? भिंत रचली? पाण्याचा पाट आणला? यातलं काही एक न करता ज्याचा पुतळा चौकात उभा राहतो त्याला संस्थापक म्हणतात. उत्तर-दक्षिण दोन्ही अमेरिका असल्या संस्थापकांनी गच्च भरल्यात.

लिमा घ्या. पेरू देशाची राजधानी. पुस्तक सांगतं, १८ जानेवारी १५३५ रोजी फ्रान्सिस्को पिझारोनं हे शहर वसवलं. तारीखसुद्धा पक्की. जणू १७ तारखेला तिथं नुसता माळ होता. रिमाक नदीच्या त्या खोऱ्यात ताउलिचुस्को नावाच्या सरदाराची माणसं राहत होती. पाट खणून शेतं भिजवत होती. त्यांची देवस्थानं होती. पिझारोनं दोऱ्या लावून चौकोन आखले, आपल्या सोबत्यांना जागा वाटल्या, आणि झालं शहर. हा पिझारो निरक्षर होता. सहीच्या जागी नुसत्या रेघोट्या मारायचा, मधे नाव कारकून लिहायचा. मी तरी मॅट्रिक आहे. पण माझ्या नावानं गल्लीसुद्धा व्हायची नाही.

या वसवण्याची एक रीत ठरलेली होती. राजाच्या नावानं जमीन ताब्यात घेतली असं चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं, कारकुनानं ते टिपून घ्यायचं, आणि चौकात एक खांब रोवायचा. खांब कशाला? माणसाला बांधून फटके मारायला. शाळा नंतर, दवाखाना नंतर, आधी खांब. शिवाय १५१३ पासून स्पॅनिश फौजा एक जाहीरनामा सोबत बाळगायच्या. तो तिथल्या मूळ रहिवाशांना वाचून दाखवायचा, तोही स्पॅनिशमधे. मजकूर असा, की आमचा पोप माना, आमचा राजा माना. नाही मानलात तर तुम्हाला बायकापोरांसकट गुलाम करू, आणि जे मरतील त्यांच्या मरणाचा दोष तुमच्याच माथी. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नव्हतं. कधीकधी तर ऐकायला माणूसच नसायचा, ओस पडलेल्या झोपड्यांपुढं वाचून मोकळे व्हायचे. ज्या भाषेचा वाराही ज्याला लागलेला नाही, त्या भाषेत त्याची गुलामी लिहून ठेवायची, ही युक्ती आपल्याला काही नवी नाही.

पुढं १५७३ साली स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजानं नवी गावं कशी वसवायची याचे १४८ नियम काढले. वाचण्यासारखे आहेत. एक नियम म्हणतो, ‘जिंकणं’ हा शब्द वापरू नका, ‘शांत करणं’ म्हणा. दुसरा म्हणतो, गाव बांधून पुरं होईस्तोवर मूळ रहिवाशांना आत येऊ देऊ नका, म्हणजे तयार गाव एकदम बघून ते दबतील. तिसरा म्हणतो, खाटीकखाना, मासळी, चामडं कमावायच्या जागा अशा ठिकाणी ठेवा की घाण सहज निघून जाईल. वर वर बघता ही नुसती स्वच्छतेची गोष्ट. पण कातडं कमावणारा माणूस कुठं राहणार हे त्याच ओळीत ठरतं. गावकुसाबाहेर वाढलेल्याला ही ओळ कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आता दुसरी बाजू बघा. त्याच लिमाच्या उत्तरेला दोनेकशे किलोमीटरवर, सुपे नदीच्या खोऱ्यात, काराल नावाचं शहर वाळूमातीखाली पडून होतं. पायऱ्यापायऱ्यांचे प्रचंड चौथरे, जमिनीत खोल उतरलेले गोल चौक. काळ इ.स.पू. २६०० च्या आसपासचा. म्हणजे मोहेंजोदडोच्या जोडीचं आणि पिझारोच्या चार हजार वर्षं आधीचं. वाचता येईल असा शिलालेख नाही, राजाचं नाव नाही. मग वय कळलं कसं?

रूथ शेडी या पेरूमधल्याच संशोधक. त्यांनी हे शहर खणलं. चौथऱ्यांच्या पोटात त्यांना दगडांनी भरलेल्या जाळीदार पिशव्या सापडल्या, लव्हाळ्याच्या विणलेल्या. शिक्रा म्हणतात त्यांना. कामकऱ्यांनी दगड पिशवीत भरून वाहून आणला आणि पिशवीसकट भरावात ठेवून दिला. दगडाचं वय काढून काय उपयोग? दगड डोंगराइतका जुना. पण लव्हाळा कधी कापला ते त्याच्यातल्या कार्बनवरून मोजता येतं. ते मोजलं, २००१ साली आकडे छापून आले, आणि अमेरिका खंडाच्या इतिहासाची पहिली पानं पुन्हा लिहावी लागली. कुणाच्या साक्षीवर? हमालाच्या पिशवीच्या साक्षीवर. राजा गेला, पुजारी गेला, गोणी तेवढी राहिली.

मी गोदीत ओझी वाहतो, त्यामुळं मला त्या पिशवीतली अक्कल कळते. सुटा माल घसरतो, गोणीतला माल थप्पीला बसतो. पेरू हा भूकंपाचा मुलूख. जमीन हलली तर पिशवीतला दगड पिशवीतच हलतो, अख्खा भराव फाकत नाही, असं जाणकार म्हणतात. ही विद्या कुठल्या सिंहासनावर बसून सुचलेली नाही. ती पाठीला कळलेली विद्या आहे.

वर उत्तर अमेरिकेतही तेच. मिसिसिपी नदीकाठी, आजच्या सेंट लुईस शहरासमोर, काहोकिया नावाचं नगर इ.स. १०५० च्या सुमाराला भरभराटीला आलं. तिथं मातीचा एक ढिगारा आहे, शंभर फूट उंच. बैल नाही, घोडा नाही, चाक नाही. सगळी माती टोपल्यांनी वाहिलेली. आडवा छेद घेतला की टोपलीटोपलीची वेगळी माती डोळ्यांनी दिसते. त्याला नाव काय पडलं? ‘मंक्स माउंड’, साधूंचा ढिगारा. का, तर १८०० नंतर काही ख्रिस्ती साधू शेजारी थोडी वर्षं राहून गेले.

नाव चोरलं ते चोरलंच, वर बांधणारेही चोरले. गोऱ्या विद्वानांनी ठरवलं की एवढं मोठं काम या रानटी इंडियनांच्या पूर्वजांच्या हातून होणं शक्य नाही. कुणी म्हणालं नाहीशी झालेली दुसरीच जात, कुणी म्हणालं परमुलखातून आलेले लोक. हे पांडित्य चालू असतानाच, १८३० साली, मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडं हाकलायचा कायदा झाला. तुमच्या बापानं हे बांधलंच नाही म्हटलं की पोराला हाकलणं सोपं जातं. १८९४ साली सायरस थॉमस यांनी पुराव्यानिशी अहवाल छापला, की ढिगारे या लोकांच्याच पूर्वजांचे. तोवर जमीन गेली होती. सेंट लुईसमधला एक मोठा ढिगारा तर १८६९ पर्यंत खणून सपाट केला आणि माती भरावाला घातली.

पण इथं एक सापळा आहे, गड्यांनो. ‘गोरे आले त्याआधी सगळं छान होतं’ असं म्हणून मी माझ्या रक्ताला फसवणार नाही. त्याच काहोकियात एका टेकाडाखाली पन्नासहून जास्त तरुण बायका एकाच खड्ड्यात पुरलेल्या सापडल्या, बळी दिलेल्या. टोपली वाहणाऱ्यांच्या डोक्यावर तिथंही कुणीतरी बसलेलं होतं.

मेक्सिकोची गोष्ट याहून बोचरी. मेशिका लोक, ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो, ते खोऱ्यात सगळ्यांत शेवटी आलेले, सगळ्यांनी हाकललेले. कुणाला नको असलेलं दलदलीचं बेट त्यांच्या वाट्याला आलं. परंपरा सांगते १३२५ साल. त्या चिखलात त्यांनी गाळाचे वाफे उभे केले, तळ्यातून बांध घातले, नळानं गोडं पाणी आणलं, आणि टेनोच्टिट्लान हे जगातल्या मोठ्या शहरांत मोजावं असं शहर झालं. आरंभी दुसऱ्यांना खंडणी भरणारे हे लोक. शंभरेक वर्षांत स्वतःच खंडणी उकळायला लागले, माणसं बळी द्यायला लागले. म्हणून कोर्तेस आला तेव्हा त्लाश्कालाचे हजारो लोक त्याच्या बाजूनं लढले. १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं.

मग त्याच्याच दगडांनी, त्याच जागेवर स्पॅनिश शहर उभं राहिलं. बांधलं कुणी? हरलेल्यांनी. मोतोलिनिया नावाच्या पाद्र्यानं या देशावर आलेल्या दहा संकटांची यादी केली. त्यात सातवं संकट म्हणजे हे शहर बांधणं. माणसं तुळयांखाली चिरडत होती, उंचावरून पडत होती. सामान त्यांचं, भाकरी त्यांची, मजुरी शून्य. आणि काम करताना गात होती. रात्रंदिवस त्यांचं गाणं थांबत नव्हतं, असं तो लिहितो. शहर पुरं झालं तेव्हा मधला भाग स्पॅनिशांचा, गाणारे बाहेरच्या वस्त्यांत. १९७८ साली वीज कंपनीच्या कामगारांनी तिथं रस्ता खणला, तर खाली कोयोल्शाउकी देवीची भलीमोठी शिळा लागली. तीही कामगाराच्याच पहारीला.

हे सगळं परक्या मुलखातलं, आपल्याला काय, असं ज्याला वाटतं त्यानं जोतीरावांची आठवण ठेवावी. १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या माणसांना. जोतीराव त्यांना परके मानत नव्हते.

न्यूयॉर्क बघा. डच कंपनीनं तिथं ठाणं घातलं आणि १६२६ च्या सुमाराला अकरा आफ्रिकन गुलाम आणले. त्यांनी झाडं तोडली, रस्ते केले, किल्ला बांधला. १६४४ साली त्या अकरा जणांना ‘अर्धं स्वातंत्र्य’ मिळालं. अर्धं म्हणजे कसं? दरसाल कंपनीला धान्य आणि एक लठ्ठ डुक्कर द्यायचं, हाक आली की कामाला यायचं, आणि पोरं गुलामच. जमीन दिली ती गावाबाहेर, मूळ रहिवाशांचा हल्ला आला तर आधी यांच्यावर यावा अशी. १६५३ साली गावाला तटबंदी झाली, तिच्यासाठीही गुलाम राबले. तीच आजची वॉल स्ट्रीट, जगाच्या पैशाची गल्ली. आणि १९९१ साली सरकारी इमारतीसाठी तिथून थोड्या अंतरावर पाया खणला तर चारशेहून जास्त आफ्रिकनांचे सांगाडे निघाले. मणके ओझ्यानं झिजलेले. काराललाल गोणी बोलली, इथं पाठ बोलली.

काहींनी अर्धं नाकारलं. मेक्सिकोत यांगा नावाचा गुलाम पळाला, डोंगरात वस्ती केली. १६०९ साली फौज चालून आली तरी तो वाकला नाही, आणि शेवटी सरकारला त्याच्या माणसांचं मोकळं गाव मान्य करावं लागलं. ते गाव आज यांगा याच नावानं नांदतंय. ब्राझीलमधे पाल्मारेस जवळजवळ शंभर वर्षं टिकलं. त्याचा पुढारी झुंबी २० नोव्हेंबर १६९५ ला मारला गेला, आणि आता तो दिवस ब्राझीलमधे राष्ट्रीय सुट्टीचा आहे. ही माझ्या लेखी खरी स्थापना. पण यांगाच्या तहातही एक कलम होतं, की यापुढं पळून येणारा गुलाम धन्याला परत करायचा. आत शिरलेल्यानं दाराला कडी लावायची, एवढ्या किमतीवर गाव मिळालं.

म्हणून दोस्तांनो, मला संस्थापकाच्या पाटीवर आपलं नाव नको. आम्हीही कधी राजे होतो ही फुशारकी तर त्याहून नको. शहर कुणी वसवलं हे विचारायचंच असेल तर दोन गोष्टी विचारा. ओझं कुणी वाहिलं? आणि ओझं टाकल्यावर त्याला रात्री तिथंच निजता आलं, की संध्याकाळी वेशीबाहेर जावं लागलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जोवर ‘बाहेर’ असं येतंय तोवर ते शहर अजून वसलेलंच नाही. तारीख कुणीही सांगो. आणि उद्या आपल्यातला कुणी आत पोचला, तर त्याच्या हातात कडी दिसता कामा नये.