चित्र काढून झाल्यावर बाई त्याच घरी जाते

जुलै २०२० मध्ये रोहा तालुक्यात आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस पेणमध्ये मुलींवर अत्याचार करून त्यांची हत्या झाली. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. घराच्या आत चालणाऱ्या मारहाणीसाठी मात्र मोर्चा निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात हिंसा सोसलेल्या महिलांपैकी जेमतेम १४ टक्के महिलांनी मदत मागितली.

हे मौन फुटावे म्हणून आम्ही पेण-रोह्याच्या वस्त्यांत चित्रांच्या कार्यशाळा घेतो. 'नवरा मारतो का?' असे विचारले की बाई मान खाली घालते. 'घराचा नकाशा काढा, जिथे धास्ती वाटते तिथे लाल रंग द्या' म्हटले की हात चालू लागतो. पेणच्या गणपती कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायकांचा हात तर आमच्यापेक्षा सफाईदार. कुणाची चूल लाल होते, कुणाची दाराची कडी, कुणाचे संध्याकाळी सात वाजलेले घड्याळ. शेजारणीचा कागदही तसाच दिसला की बोलणे सुरू होते.

पण तेवढ्यावर खूश होण्यात धोका आहे. बाई त्याच घरी परतते, आणि ती बोलल्याची बातमी आधीच पोहोचली तर त्या रात्रीचा मार वाढतो. म्हणून आम्ही कागदावर नाव लिहू देत नाही, प्रदर्शन भरवत नाही. फोटो तर नाहीच, देणगीदाराने मागितले तरी! कार्यशाळेआधी संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर आणि १८१ हेल्पलाइन प्रत्येकीकडे असायला हवी. २००५ च्या कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर तिच्या नावावर असण्याची गरज नाही. हे बहुतेकींना ठाऊकच नसते.

आणि आपल्याबद्दलही बोलू. पंचशील म्हणणाऱ्या घरांतही मारहाण होते. तक्रार आली की 'समाजाची बदनामी नको, बसून मिटवा' म्हणणारे आपलेच असतात. याच जिल्ह्यात, महाडला, डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांशी थेट संवाद साधला होता. आपल्या सभेत आज बायका पाहुण्यांना चहा देतात आणि मागे बसतात.

शिवाय लाल रंग बायकांनीच किती दिवस भरायचा? पुरुषांच्या सत्राला मोजकेच येतात, त्यातही तरुण जास्त. येत्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावरचा एक तास विहारांनी पुरुषांसाठी राखून ठेवावा. कागद आणि रंग आम्ही आणू.