पाटी लावणाऱ्यालाच पकडणार काय?

चाकणच्या आंबेठाण चौकातून आत वळावे आणि विजेच्या खांबांवर टांगलेले फलक वाचीत जावे. 'एक गुंठा, सुलभ हप्ते, सातबारा नावावर!' खाली मोबाइल क्रमांक. विकणाऱ्याचे नाव नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. मराठवाड्यातली कोरडवाहू जमीन आणि बायकोचे दागिने गहाण टाकून आलेला कंत्राटी कामगार या दहा आकड्यांच्या भरवशावर टोकन देतो, तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून अस्तित्वात आहे हे त्याला कोणी सांगत नाही आणि त्याच्या हाती नोटरीचा एक कागद पडतो. त्या कागदाने मालकी मिळत नाही.

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 1 मे 2017 पासून स्थावर संपदा कायदा पूर्णपणे लागू आहे आणि तो राबवायला 'महारेरा' प्राधिकरण आहे. एजंटाने नोंदणी करावी, व्यक्तीने दहा हजार आणि संस्थेने एक लाख रुपये शुल्क भरावे, प्रमाणपत्र कार्यालयात दर्शनी भागी लावावे, असे नियम आहेत. 1 जानेवारी 2024 पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. ती न देणाऱ्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी प्राधिकरणाने त्याच वर्षी स्थगित केली. उत्तम केले!

पण हा आसूड पडतो कोणाच्या पाठीवर? स्थावर संपदा कायद्याचे कलम 9 नोंदणीची सक्ती करते ती नोंदणीकृत प्रकल्पातील घरे वा भूखंड विकणाऱ्या एजंटावर, आणि बिगरनोंदणी प्रकल्पाला हात लावू नये असे कलम 10 बजावते तेही नोंदणीकृत एजंटालाच. म्हणजे वाकडच्या टॉवरमधील सदनिका दाखवणाऱ्याने वीस तासांचे प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी, प्रमाणपत्र भिंतीवर टांगावे, आणि मेदनकरवाडीच्या शेतात चुन्याच्या रेघा ओढून गरिबाला गुंठे विकणाऱ्याने चहाच्या टपरीलाच कार्यालय मानून उजळ माथ्याने दलाली खिशात घालावी! परवान्याची बंधने नकोत तर परवानाच काढू नये. इतके सोपे आहे.

भाड्याच्या खोल्यांची कथा तर याहून लज्जास्पद. कायद्याच्या व्याख्येत एजंट म्हणजे खरेदी-विक्रीचा मध्यस्थ. भाडे ठरवून देणारा तीत बसतच नाही. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथे पत्र्याच्या खोलीपायी पहिल्या पगाराआधीच एका महिन्याचे भाडे दलालीत घालवणाऱ्या पोराने दाद मागावी कोठे?

आणि परिणाम? चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत भूखंड पाडले गेले, विकले गेले, त्यांवर बंगले उठले, लोक राहायला आले. हरित लवादाने आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात अपील टिकले नाही आणि 17 मे 2025 रोजी महापालिकेने 36 बंगले भुईसपाट केले. खडी टाकताना, भिंत चढताना, वीज जोडताना ही निळी रेषा कोणाच्याच डोळ्यांना दिसली नाही? बंगला पाडता येतो. जमिनीच्या सौद्यात खाल्लेला टक्का कोणते यंत्र पाडणार आहे?

दिवसा अनधिकृत प्लॉटिंगविरुद्ध गर्जना करणारे पुढारी संध्याकाळी त्याच प्लॉटिंगच्या उद्घाटनाचा नारळ फोडतात, फ्लेक्सवर हात जोडून उभे राहतात आणि निवडणूक आली की 'सगळे नियमित करून देऊ' अशी ग्वाही देतात. (अशा जाहिराती पैसे मोजून घेऊन छापणारी वृत्तपत्रेही आहेत, ही लाज आमच्या व्यवसायाची.)

विक्री असो वा भाडे, जो दलाली घेतो त्याची नोंद, त्याचे कायमचे कार्यालय, त्या कार्यालयावर नाव आणि क्रमांकाची पाटी, आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती: एवढे करायला कायद्यात दुरुस्ती लागेल, ती करा. तोवर जे हाती आहे ते तरी वापरा. पाचशे चौरस मीटरहून मोठी, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांची जमीन भूखंड पाडून विकायची तरी प्रकल्पाची नोंदणी लागते. न केल्यास खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड आहे. दलाल निसटला तरी त्याच्यामागचा मालक या तरतुदीतून निसटत नाही. आरोपी सापडत नाही ही सबब तर सांगूच नका.

क्रमांक खांबावर लिहिलेला आहे. फोन लावा.