नाल्याकाठची वाट कुणाची?



पाऊस धरला की दर रविवारी चाळीसगावकडून पाटणादेवीच्या रस्त्याला गाड्या लागतात. आधी चंडिकादेवीचं दर्शन, मग पाण्याच्या कडेकडेने धवलतीर्थ, केदारकुंड हे धबधबे. ज्याच्या पायात दम आहे तो वर पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे चढतो, आणि वळसा घालून लोक पुन्हा देवळाकडे उतरतात. दिवसाची जंगलफेरी झाली. श्रावणात ते खोरं आहेच तसं, बघत रहावं असं. इकडे सातपुड्यात पाल आहे, मनुदेवी आहे, तिकडे साक्रीकडे आलालदरी आहे. तिथेही माणसं पाणी बघायला येतात.

बघायला येणाऱ्यावर आपला राग नाही. शहरातल्या माणसालाही झाड-पाणी लागतं. आपला सवाल वेगळा आहे. ज्या वाटेने पाहुणा फिरतो, ती वाट पाडली कुणी? आणि उद्या त्या वाटेवर कुणी चालायचं, हे ठरवणार कोण?

एका नाक्यावरची गोष्ट सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अशी गोष्ट बऱ्याच गावांत झाली आहे. आषाढातला दिवस. एक आजी नाल्याकडून येत होती. पाटीत कर्टुली, तरोट्याची भाजी, वर बांबूचे चार कोंब. तिला थांबवलं. पाटी खाली ठेव, आत कुणाला विचारून गेली होतीस? तेवढ्यात एक गाडी आली. पोरंबाळं, डबे, मोबाईल. पावती फाडली, दांडा वर झाला, गाडी आत गेली. आजी बघत राहिली. म्हणाली, "हाई वाट मनी मायनी शे, साहेब." साहेब हसला. तिच्या मायच्या नावाची पावती कुठून असणार?

आपल्याला वाटतं की तो साहेबच वाईट. तो एक वेळ चांगला असेल किंवा वाईट असेल, पण खोट कायद्यातच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २८ बघा. अभयारण्यात जायचा परवाना कशासाठी द्यायचा, याची यादी तिथे आहे: वन्यजीवांचा अभ्यास, फोटो काढणे, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन आहे. भाजी खुडणे नाही, झिऱ्याचं पाणी नाही, देवाला नारळ वाहणे नाही. यावल अभयारण्य १९६९ चं. गौताळा-औट्रमघाट आणि अनेर ही १९८६ ची. आपल्या वाटा त्यांच्या आधीच्या आहेत, पण त्या कुठल्या कागदावर आल्या नाहीत.

आता ही वाट म्हणजे काय ते बघू. पाहुण्याला ती दोन-तीन तासांची आहे. आपल्याला ती बारा महिन्यांची आहे. पहिल्या वळणावर डोह. पहिल्या पुरात मासे चढतात ते तिथे, खेकडे तिथल्याच दगडाखाली. पुढे धबधब्याच्या अंगाला देवाचं झाड. त्याच्यावर कुऱ्हाड चालत नाही, हे सांगायला गार्ड लागत नाही. वरच्या टप्प्यावर चैतात मोह पडतो, त्याच्या पुढे चारोळी आणि टेंभुर्णीची पानं. उतारावर अंजन, वैशाखात दुसरं हिरवं उरत नाही तेव्हा त्याच्या पाल्यावर गुरं जगतात. धबधबा कोरडा पडला की पाहुणा येत नाही. तेव्हा त्याच नाल्याच्या वाळूत आपल्या बाया झिरा उकरतात आणि वाटीने घडा भरतात. वैद्याची मुळी कुठल्या कपारीत, अस्वल कुठल्या घळीत, पुराच्या दिवशी नाला कुठे ओलांडायचा, हे सगळं त्या एका फेरीत आहे.

आपल्या वाटा सरकारला नवीन नाहीत. सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण कंपनी सरकारने खाज्या नाईकांकडेच दिली होती. पुढे १८५७ ला तेच नाईक कंपनीविरुद्ध उठले. मग १८७८ चा जंगल कायदा आला, १९२७ चा आला, आणि जो वाटेचा राखणदार होता तोच त्या वाटेवर चोर ठरला.

मागच्या बैठकीत या विषयावर बरंच भांडण झालं. ते झालं ते बरं झालं. पोरं म्हणाली, येऊ द्या लोकांना. ऊसतोडीला जायचं वाचेल, चहा-भजी विकू, मक्याची कणसं भाजून देऊ, वाट दाखवायचे पैसे घेऊ. त्यांचं खोटं नाही. दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन कारखान्यावर जाणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. बाया म्हणाल्या, रविवारी आम्ही धुणं घेऊन नाल्यावर जाऊ शकत नाही. कोण कुठून फोटो काढतो कळत नाही. डोहात बाटल्या फुटतात, पोरांचे पाय कापतात, गुरांचे खूर चिरतात. म्हातारे म्हणाले, वाटच बंद करा.

माझं मत असं. वाट बंद करून भागणार नाही आणि उघडी टाकूनही भागणार नाही. आधी दावा, मग पाहुणा. ज्याच्या नावावर घर नाही तो पाहुण्याला ये म्हणू शकत नाही आणि जा पण म्हणू शकत नाही. आज आपण त्या वाटेवर हक्कदार नाही. मग उद्या कुणी ठेकेदार आला, कठडे-पायऱ्या बांधल्या, तिकिटाची खिडकी उभी राहिली, तर आपल्या पोरांच्या वाट्याला काय येईल? गाड्या उभ्या करायच्या जागेवरची शिट्टी आणि कचरा वेचायची पिशवी. त्यालाच 'स्थानिकांना रोजगार' म्हणतील.

दावा करता येतो. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे, जंगलजमिनीच्या व्याख्येतच तसं लिहिलेलं आहे. आपण इतके दिवस शेतीच्या प्लॉटचे दावे भरले, त्यात चुकलं काही नाही. पण नाला, धबधबा, डोह, देवाचं झाड ही एकट्याची वस्तू नाही, ती गावाची आहे. तिच्यासाठी सामूहिक दावा लागतो. नमुना ब गावाच्या सामूहिक हक्कांचा, आणि नमुना क गाव पूर्वीपासून राखत आलेल्या सगळ्या जंगलाचा. २०१२ च्या दुरुस्त नियमांत पुरावे काय चालतात ते वाचा: माणसां-गुरांच्या पाण्याच्या जागा, मासेमारीच्या जागा, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा, वैद्याच्या औषधीच्या जागा, पवित्र झाडं, देवराया, नदीतल्या पूज्य जागा, मसणवटा, म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाब. म्हणजे नाल्याकाठची फेरी हाच आपला पुरावा आहे. फक्त ती चालून लिहून काढायची आहे.

दोन कलमं पोरांनी पाठ करावीत. कलम ५: पाणलोट क्षेत्र, पाण्याचे साठे, जंगल, जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. कलम ३(२): शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, पिण्याचं पाणी अशा १३ कामांना एक हेक्टरच्या आतली जंगलजमीन देता येते, तीही ग्रामसभेची शिफारस असेल तरच. त्या १३ मध्ये हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही.

हे कागदावरच राहतं असं म्हणू नका. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी एकामागून एक बॉक्साईटच्या खाणीला नाही म्हटलं आणि खाण थांबली. लांब कशाला, आपल्या साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. त्या गावाने १९९० नंतर स्वतःचे नियम करून सुमारे ११०० एकर जंगल राखलं, झाड तोडणाऱ्याला दंड लावला. आज तिथे पावसाळ्यात रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि बाहेरचे लोक बघायला जातात. ते गावाचे पाहुणे म्हणून जातात. आधी राखण झाली, पाहुणा नंतर आला. क्रम तोच पाहिजे.

तर करायचं काय:

१) वनहक्क समितीने पाऊस उघडताच एक दिवस ठरवावा. म्हातारे, बाया, गुराखी, वैद्य, शाळेतली पोरं, सगळ्यांनी मिळून नाल्याची पूर्ण फेरी करावी. शेजारच्या गावालाही बोलवावं, शिवेवर भांडण नको.

२) प्रत्येक जागेला आपल्या बोलीतलं जे नाव आहे तेच वहीत लिहावं. डोह, धबधबा, झिरा, झाड. कोण, कोणत्या महिन्यात, कशासाठी जातं तेही लिहावं. मोबाईलमध्ये जागेची खूण घ्यावी.

३) म्हाताऱ्यांचे जबाब त्याच दिवशी, त्याच जागेवर घ्यावेत. पुढच्या वर्षी कोण असेल कोण नसेल.

४) ग्रामसभेत निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असणाऱ्यांत तिसरा हिस्सा बायांचा पाहिजे. ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नाही तर दावा नाही.

५) 'पर्यटन विकासा'च्या कागदावर कुणी एकट्याने सही-अंगठा देऊ नये. सरपंचानेही नाही. खात्याच्या समितीचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे.

दावा घातला की पाहुण्याचे नियमही ग्रामसभेनेच लिहावेत. दारू नाही, काचेची बाटली नाही. बायांच्या घाटाकडे कुणी जायचं नाही, फोटो विचारल्याशिवाय नाही. देवाच्या झाडापाशी चप्पल काढायची. वाट दाखवायला गावचाच माणूस, आणि पैसा ग्रामसभेच्या खात्यात, हिशेब सगळ्यांसमोर. चैतात मोहाच्या दिवसांत पाहुणा बंद. एवढं मान्य असेल त्याने खुशाल यावं, त्याला भाकरी आणि कर्टुल्याची भाजीही मिळेल.

नाहीतर एक दिवस आपल्याच नाल्याच्या तोंडाशी आपण आपल्याच खिशातून तिकीट काढू. आजीचं बोलणं खरं करायचं असेल तर तिच्या मायची वाट वहीत उतरवा. पुढच्या अंकाच्या आत कोणत्या गावाने फेरी केली, ते कळवा. अडलं तर कार्यकर्त्याला बोलवा.

जल, जंगल, जमीन आमची. वाटही आमची!