जानेवारीतली उघडी खिडकी



न्यूयॉर्कच्या जुन्या, स्टीमवर तापणाऱ्या इमारतीत ज्यांनी संसार मांडला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाहेर बर्फ, आत वैशाख, आणि आपण बनियनवर बसून खिडकी उघडी टाकलेली! रेडिएटरला नळ असतो, पण तो फिरत नाही, आणि फिरवलाच तर गळायला लागतो. खालच्या मजल्यावर थंडी वाजते म्हणून बॉयलर जोरात चालतो आणि पाचव्या मजल्यावर आम्ही ती ऊब रस्त्याला वाटून टाकतो. क्वीन्समधल्या आमच्या को-ऑपमध्ये पंधरा वर्षं मी हेच करतो आहे.

गेल्या वार्षिक सभेत हा विषय निघाला तो 'लोकल लॉ ९७' मुळे. सिटी कौन्सिलने २०१९ मध्ये केलेला हा कायदा २५,००० चौरस फुटांहून मोठ्या, म्हणजे सुमारे ५०,००० इमारतींना लागू आहे. दर चौरस फुटामागे किती कार्बन सोडायचा याची मर्यादा २०२४ पासून सुरू झाली आणि वरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड आहे. पहिला टप्पा सोपा आहे. आमच्यासारख्या बहुतेक इमारती काही न करता त्यात बसतात. मात्र २०३० मध्ये राहत्या इमारतींची मर्यादा जवळजवळ निम्मी होते. तेव्हा आम्ही वर्षाला दीडशे टनांनी बाहेर जाऊ, असं इंजिनिअरने सांगितलं. दंड ४०,२०० डॉलर. एकशेदहा घरांत वाटला तर घरटी रोजचा एक डॉलर.

सभेत हशा पिकला. "मग देऊ की डॉलर!" असं कुणीतरी म्हणालं.

बोर्डाचा प्रस्ताव साधा होता: पाइपांना आवरण, प्रत्येक रेडिएटरला तापमान ओळखून बंद होणारा व्हॉल्व्ह, आणि खोल्यांतलं तापमान मोजून बॉयलर चालवणारी यंत्रणा. याने अर्धा पल्ला गाठला जाईल, उरलेल्यासाठी पुढेमागे हीट पंप लागतील. त्यासाठी घरटी १,८०० डॉलर, दोन वर्षांत. प्रस्ताव पडला. मी विरोधात मत दिलं नाही, पण हातही वर केला नाही. शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकेला हा खर्च खरोखर जड होता. मला नव्हता, आणि तिच्या अडचणीआड लपणं मला सोयीचं वाटलं.

या शहराची आजवरची प्रगती खोटी नाही. ब्लूमबर्ग यांनी २००७ मध्ये पहिली मोठी योजना आणली, तेव्हा २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट हे उद्दिष्ट होतं. त्यानंतर उत्सर्जन साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरलं. पण कसं उतरलं ते पाहा. वीजकेंद्रांत तेल-कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू आला. २०११ च्या नियमाने बॉयलरमधलं काळं, डांबरासारखं 'नंबर सिक्स' तेल काही वर्षांत हद्दपार झालं आणि हवा सुधारली. यातलं काहीही करताना तुम्हाआम्हाला खुर्चीवरून उठावं लागलं नाही. इंधन बदललं, खिडकी उघडीच राहिली.

मध्येच शहर मागेही गेलं. २०२१ मध्ये इंडियन पॉइंटची अणुभट्टी बंद झाली आणि तिची जागा बव्हंशी वायूने घेतली. (अणुऊर्जेवर आपल्यात दोन तट आहेत, ते भांडण आज नको.) क्विबेकची जलविद्युत आणणाऱ्या ३३९ मैलांच्या केबलचं बांधकाम त्यानंतर, २०२२ मध्ये सुरू झालं. क्रम उलटा हवा होता, असं माझं मत आहे.

पण वीज हा प्रश्नाचा एक भाग झाला. शहराच्या एकूण उत्सर्जनातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा इमारतींचा आहे, म्हणजे आपल्या घरांचा आणि ऑफिसांचा. म्हणून कायद्यावरचा राग समजून घेतला तरी तो मला पटत नाही. क्वीन्समधल्याच एका मोठ्या को-ऑपने त्याविरुद्ध दावा लावला. २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. नियंत्रित भाड्याच्या बऱ्याच इमारतींना कायद्यातच हलकी वाट दिली आहे. राहिलो आपण: पगारदार, घरमालक, आणि प्रत्येक निवडणुकीत हवामानाच्या बाजूने मत देणारे.

आमच्यापासून फार दूर नसलेल्या वुडसाइड हाउसेस या सरकारी वसाहतीत २०२३ मध्ये खिडकीत बसणारे हीट पंप लावून पाहिले. खिडकीच्या चौकटीवर बसवायचे आणि प्लग लावायचा. घरातल्या माणसाला आपल्या खोलीची ऊब पहिल्यांदा स्वतः ठरवता आली. ज्यांच्याकडे शहराने वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं, त्यांच्या घरी हे आधी पोहोचलं आणि आम्ही सभेत १,८०० डॉलरवर अडलो!

आपल्यातले बरेच जण जानेवारीत मुंबईला जाऊन तिथल्या धुरक्यावर प्रवचन देऊन येतात. मीही दिलं आहे. मुंबई महापालिकेच्या २०२२ च्या हवामान आराखड्यात माणशी वार्षिक उत्सर्जन १.८ टन धरलं आहे. न्यूयॉर्करचं साधारण सहा टन. तेही अमेरिकेच्या सरासरीच्या मानाने पुष्कळ कमी, म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटतो.

प्रस्ताव पुन्हा आणावा असं पत्र मी बोर्डाला लिहिलं आहे. ज्यांना एकरकमी झेपत नाही त्यांना पाच वर्षांत फेडू द्यावं, आणि इमारतींना मोफत तांत्रिक सल्ला देणाऱ्या शहराच्या 'एनवायसी ॲक्सलरेटर'ला बोलवावं, अशा दोन सूचना त्यात आहेत. त्या शिक्षिकेने पहिली सही केली. आतापर्यंत नऊ सह्या झाल्या. इमारतीत मराठी घरं सहा आहेत आणि सह्यांमध्ये मराठी आडनावं दोन, त्यातलं एक माझं.